घडीच्या वर, घडीच्या खाली

वर्तमानपत्र स्टॉलवर घडी घालून ठेवलेलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्या पानाचा वरचा अर्धाच भाग दिसतो. तेव्हा जे काही खपवायचं ते त्या अर्ध्या पानात बसलं पाहिजे, हा पान लावणाऱ्याचा पहिला धडा. मोठा मथळा वर, मोठा फोटो वर, आणि ज्याच्यावाचून कुणाचं अडणार नाही ते घडीच्या खाली. आता संगणकाच्या पडद्याला कुठे आली घडी? पण गंमत पाहा, वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आखणारी मंडळी अजूनही 'घडीच्या वर' आणि 'घडीच्या खाली' हीच भाषा बोलतात. स्थळ उघडल्यावर पान न सरकवता जेवढं दिसतं, ते घडीच्या वरचं!

मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. (भूगोलही शिकवला, पण तो कुणी लक्षात ठेवलेला दिसत नाही.) इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. एखादी रूढी दिसली की ती कुठल्या अडचणीपोटी जन्माला आली हे खोदून काढायचं. अडचण केव्हाच संपलेली असते आणि रूढी मात्र ऐटीत चालू असते. लग्नकार्यात याची उदाहरणं पावलोपावली सापडतात. पण वर्तमानपत्राचं पान हे त्याचं फारच देखणं उदाहरण आहे, आणि ते पान कागदावरून पडद्यावर गेलं तेव्हा काय काय बरोबर गेलं आणि काय मागे राहिलं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात रकान्यांपासून करू. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं, ते दोन उभ्या रकान्यांत. एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. इथे रकाना म्हणजे नुसती सोय नव्हती, तो विचार होता. दोन भाषा शेजारी शेजारी बसवायच्या, म्हणजे साहेबाला इथलं कळेल आणि इथल्याला साहेबाची भाषा. पण पुढे जे अरुंद, उंच रकाने सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांत रूढ झाले, त्यामागे यंत्राचाही हात होता. अमेरिकेत रिचर्ड हो नावाच्या गृहस्थांनी १८४० च्या दशकात एक मुद्रणयंत्र केलं. त्यात शिशाचे खिळे सपाट पाटावर न ठेवता फिरत्या सिलिंडरवर बसवलेले असत. सिलिंडर गरगर फिरताना खिळे उडून जाऊ नयेत म्हणून दोन रकान्यांच्या मधल्या पट्ट्या पाचरीच्या आकाराच्या करून त्यांनी सगळं आवळून ठेवायचं. आता ही पाचर तोडून मथळा दोन रकान्यांवर पसरवायचा म्हटलं तर खिळे सुटणार! म्हणून मथळा कितीही मोठ्या बातमीचा असो, तो एका रकान्यातच.

याचा नमुना म्हणजे १५ एप्रिल १८६५ चा 'न्यू यॉर्क टाइम्स'. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडल्याची बातमी. अमेरिकेच्या इतिहासात याहून मोठी बातमी क्वचितच असेल. पण पानावर ती एका अरुंद रकान्यात आहे. मथळ्याखाली मथळा, त्याखाली आणखी मथळा, अशी उभी उतरंड. आजच्या माणसाला वाटेल, हे लोक किती थंड डोक्याचे! तसं काही नव्हतं. पुढे पानाचा साचा घेऊन अखंड पत्रा ओतायची पद्धत रुळली, पाचरींची गरज संपली आणि मथळे पानभर हातपाय पसरू लागले. शतक संपता संपता आठ कॉलमी मथळ्याचे दिवस आले. रकाने मात्र तसेच राहिले, कारण तोपर्यंत वाचकाच्या डोळ्याला 'वर्तमानपत्र म्हणजे रकाने' अशी सवय झालेली होती.

आता एकदम १९९० च्या दशकात येऊ. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने १५ नोव्हेंबर १९९४ ला 'इलेक्ट्रॉनिक टेलिग्राफ' सुरू केला. ब्रिटनमधलं महाजालावर आलेलं हे पहिलं राष्ट्रीय दैनिक. आपल्याकडे 'द हिंदू' १९९५ मध्ये आला. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने २२ जानेवारी १९९६ ला आपलं स्थळ उघडलं. नाव त्याच जुन्या वळणदार गॉथिक अक्षरांत, जणू कागद नुसता काचेमागे ठेवलाय.

पण काचेमागच्या अडचणी वेगळ्या होत्या. टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येणारं जाल आणि ६४० पिक्सेल रुंदीचे पडदे. एचटीएमएल ही भाषा मुळात शास्त्रज्ञांचे निबंध एकमेकांना जोडण्यासाठी केलेली, तिला रकाने ठाऊकच नव्हते. मग लोकांनी युक्ती काढली. आकडेमोडीचे तक्ते दाखवण्यासाठी जी सोय आली होती, तिच्यात बातम्या बसवल्या! तक्त्याच्या रेघा अदृश्य करायच्या, डावीकडच्या घरात विभागांची यादी, मधल्या घरात बातम्या, उजवीकडच्या घरात जाहिराती. दोन घरांत अंतर हवं असेल तर तिथे एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ठेवून ते हवं तेवढं ताणायचं. आमच्या लहानपणी छापखान्यात दोन शब्दांमध्ये कोरे खिळे घालायचे, त्याचाच हा अवतार. तिथला खिळे जुळवणारा माणूस हे पाहून खूश झाला असता.

यादी डावीकडे का? नाव डाव्या कोपऱ्यात का? कागदावर तर नाव मधोमध असतं. कारण साधं आहे. कुणाचा पडदा केवढा हे आखणाऱ्याला ठाऊक नसे. पडदा लहान असेल तर उजवी बाजू कापली जाई. वरचा डावा कोपरा तेवढा प्रत्येकाला हमखास दिसणार. म्हणून जे चुकवायचं नाही ते डावीकडे वर, आणि उजवीकडे काय? जाहिराती! (जाहिरातदारांनी हे कसं खपवून घेतलं हे मला कोडंच आहे.) पुढे ८०० रुंदीचे पडदे आले, मग १०२४ चे. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने एप्रिल २००६ मध्ये पान रुंद केलं ते या मोठ्या पडद्यांसाठी. कागदाचा आकार कागदाच्या रिळावर ठरायचा, इथे तो लोकांनी घरी कुठला मॉनिटर घेतला यावर ठरू लागला.

बातमीचा मथळा निळा आणि खाली रेघ, हीसुद्धा त्याच काळची खूण. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात 'मोझेक' नावाचा ब्राउझर झाला, त्याने दुवे निळे केले. काळ्या मजकुरात उठून दिसणारा पण डोळ्यांना न खुपणारा रंग. मग शतकभर काळे असलेले मथळे निळे झाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. कागदावर 'उर्वरित पान ६ वर' असायचं, तिथे 'सविस्तर' आलं. कागदावर बातमीचा सारांश पहिल्या परिच्छेदात घालायचा कारण जागा कमी पडली तर शेवटून ओळी कापता याव्यात, ही आणखी एक छापखान्याची अडचण. पडद्यावर जागेची ददात नव्हती, पण तोच पहिला परिच्छेद उचलून मथळ्याखाली ठेवता येतो म्हणून ती रूढीही टिकली. अडचण बदलली, उत्तर तेच राहिलं!

घडीचं मात्र थोडं भांडण झालं. याकोब नील्सन म्हणून एक डॅनिश तज्ज्ञ आहेत. १९९६ मध्ये त्यांनी लिहिलं की जेमतेम दहा टक्के लोक पान खाली सरकवतात. झालं, सगळ्यांनी सगळं वरच कोंबायला सुरुवात केली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी सांगितलं की आता लोक सरकवायला शिकलेत. पण एकदा कोंबलेलं कोण काढणार? आपल्या बऱ्याच मराठी स्थळांची पहिली पानं पाहिली तर १९९६ सालचा तो सल्ला अजून लागू आहे असं वाटतं.

आता मराठीचा विषय निघालाच आहे तर जरा बैठक मारून बोलू. कारण या सगळ्यात आपली कहाणी वेगळी आहे.

इंग्रजीवाल्यांना अक्षरांची चिंता नव्हती. उलट मजा अशी, की लंडनच्या 'टाइम्स'ने स्वतःसाठी १९३२ मध्ये एक टाइप घडवून घेतला, टाइम्स न्यू रोमन. स्टॅन्ले मॉरिसन यांच्या देखरेखीखाली तो झाला. 'टाइम्स'ने १९७२ मध्ये तो बदलला, पण तोवर तो जगभर पसरला होता आणि विंडोजमधून प्रत्येक संगणकात पोचला. त्यामुळे सुरुवातीच्या काळात कुणीही काहीही न सांगता पान टाकलं तर ते एका वर्तमानपत्राच्या अक्षरात उमटायचं. पुढे मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी खास पडद्याकरता 'जॉर्जिया' केला, तो १९९६ मध्ये आला आणि 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या स्थळाने बरीच वर्षं वापरला.

आपल्याकडे काय होतं? देवनागरी जुळवायची तर काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, रफार मिळून शेकड्यांनी खिळे लागत. 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यात खुद्द लोकमान्यांनी लक्ष घातलं होतं. शिशाचं युग संपून संगणकावर जुळणी सुरू झाली तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात आला. संगणकात अक्षरांना जागा थोड्या, त्याही इंग्रजीसाठी राखलेल्या. मग प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने आपापल्या मनाने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याची वेलांटी. छापण्यापुरतं हे ठीक होतं, कारण कागदावर आकार उमटला की काम झालं. पण हाच मजकूर जालावर चढवला, तेव्हा वाचणाऱ्याच्या संगणकात नेमका तोच फॉन्ट नसेल तर समोर रोमन अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंस यांचा गोपाळकाला!

जुन्या ब्लॉगर मंडळींना आठवत असेल. सकाळी तीन मराठी वर्तमानपत्रं वाचायची तर तीन फॉन्ट उतरवून घ्यायचे. प्रत्येक स्थळावर ठळक जागी 'मराठी दिसत नसल्यास इथे टिचकी मारा' असं लिहिलेलं असे, आणि ते मराठीत लिहिलेलं असेल तर ते चित्र असे. कारण फॉन्ट नसेल तर ती सूचनाच दिसणार नाही! माझ्या मते जगातल्या वर्तमानपत्रांच्या आखणीत ही आपल्या भारतीय भाषांनी घातलेली भर आहे. नावाशेजारच्या ज्या मोक्याच्या चौकटीत छापील अंकात सराफांची जाहिरात असते, तिथे फॉन्टची सूचना. काही स्थळांनी कंटाळून मथळेच्या मथळे चित्र म्हणून टाकले. पुढे फॉन्ट पानाबरोबर आपोआप यायची सोय झाली, पण ती इंटरनेट एक्स्प्लोररसाठी एक आणि नेटस्केपसाठी दुसरी.

यातून सुटका केली ती युनिकोडने. देवनागरीला त्यात १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती, आणि ती मांडणी आपल्याकडच्या 'इस्की' या प्रमाणावर आधारलेली होती. पण प्रमाण कागदावर असणं वेगळं आणि घरातल्या संगणकात असणं वेगळं. विंडोज २००० आणि मग २००१ ची एक्सपी आल्यावर 'मंगल' फॉन्ट घरोघर पोचू लागला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वर्तमानपत्रं एकामागून एक युनिकोडवर आली. सुरुवातीला 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' व्हायचं आणि जुना मजकूर बदलून घेताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या, कारण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि युनिकोडमध्ये नंतर. आम्ही शिक्षक मंडळी ते वाचताना मनातल्या मनात लाल शाई चालवत असू.

आणखी एक गोष्ट. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार. म्हणून ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात मराठी ओतलं की एक तर रफार वरच्या ओळीला टेकतो, नाही तर मथळे कमी मावतात. कितीतरी वर्षं आपली स्थळं इंग्रजीचा मापाने शिवलेला सदरा घालून फिरत होती. मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या मंडळींनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत पडद्यासाठी चांगले देवनागरी फॉन्ट करून ते सर्वांना मोकळे केले, तेव्हा कुठे श्वास घेता येऊ लागला.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. लंडनचा 'टाइम्स' ३ मे १९६६ पर्यंत पहिल्या पानावर बातम्या देतच नसे, तिथे छोट्या जाहिराती असत. 'द हिंदू'नेही पहिल्या पानावरच्या जाहिराती हटवून बातम्या आणल्या त्या १४ जानेवारी १९५८ ला. आणि आता आपल्याकडे सणासुदीला अंक हाती घेतला तर पहिलं पान शोधावं लागतं, वर दोन-दोन पानांची जाहिरातीची झूल. स्थळ उघडावं तर आधी जाहिरात अंगावर येते आणि तिची फुली सापडेपर्यंत चहा निवतो. एकूण जग परत १९६६ च्या आधी चाललंय.

तसंच मोबाइलचं. 'बॉस्टन ग्लोब'ने सप्टेंबर २०११ मध्ये असं स्थळ केलं की जे पडद्याच्या मापाप्रमाणे आपले रकाने स्वतःच कमी-जास्त करतं. ईथन मार्कॉट यांनी ही कल्पना आदल्या वर्षी मांडली होती. आता सगळीकडे तीच रीत आहे. फोनवर तीन रकान्यांचा एक होतो आणि मथळ्याखाली मथळा येतो. नातीच्या फोनवर बातम्या पाहताना मला १८६५ च्या त्या पानाचीच आठवण होते. सिलिंडरवर पाचरी ठोकलेल्या असल्यासारखा एकच उभा रकाना.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे येतो. एवढ्या रूढी बरोबर आल्या, पण एक आली नाही. ती म्हणजे अंक.

शाळेत मी नववीच्या वर्गाला एक काम देत असे. १९६९ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने दोन मोठ्या घटना झाल्या. १९ तारखेला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं आणि २१ तारखेला (आपल्या घड्याळाप्रमाणे) माणूस चंद्रावर उतरला. गावच्या वाचनालयात त्या आठवड्याचे बांधीव अंक होते. मुलांनी पट्टी घेऊन जायचं आणि मोजायचं. कुठली बातमी किती कॉलमी, किती सेंटिमीटर, घडीच्या वर की खाली, शेजारी काय, जाहिरात कशाची. कुणी काय लिहिलं यापेक्षा कुणी कशाला किती मोठं मानलं, हे त्यातून कळतं. पाठ्यपुस्तकात सगळे परिच्छेद सारख्याच टाइपात असतात. पानावर नसतात. मुलं येऊन सांगायची, "सर, चंद्राची बातमी मोठी आहे, पण बँकेची दुसऱ्या दिवशीपण आहे." हा खरा इतिहास!

हे जमत होतं कारण अंक एकदा छापला की तो तसाच राहतो. त्यावर तारीख, वर्ष, अंक क्रमांक. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कुणी, कुठे छापून प्रसिद्ध केलं ती ओळ. ती ओळ म्हणजे शोभा नव्हे, १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली होती. (तो कायदा जाऊन त्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, तो मार्च २०२४ पासून लागू आहे.) शिवाय १९५४ चा आणखी एक कायदा आहे, ज्यात १९५६ मध्ये वर्तमानपत्रांचाही समावेश झाला. त्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. पाठवतात की नाही हा वेगळा प्रश्न, पण निदान पाठवायच्या असतात.

'इलेक्ट्रॉनिक टेलिग्राफ'च्या जुन्या पानांवर तारखेशेजारी अंक क्रमांक असे. रोज एक अंक, कागदासारखा. मला तो फार समजूतदारपणा वाटतो. पण बातम्या दिवसभर येतात, तेव्हा दिवसातून एकदा अंक कशाला, म्हणून ते सुटलं. अंकाच्या जागी 'अद्ययावत, सायंकाळी ६.४०' आलं. सातला तिथे दुसरं काही असतं आणि ६.४० चं पान कुठेच नसतं. प्रत्येक बातमी सुटी सुटी राहते, पण ती त्या दिवशी वर होती की खाली, मोठी होती की लहान, शेजारी काय होतं, हे पुसलं जातं. माझी पट्टी लावायची कुठे?

डेन्मार्कने यावर कायदा केला. १ जुलै २००५ पासून तिथे देशातली संकेतस्थळं जतन करायची जबाबदारी ग्रंथालयांवर आली. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून केलं. आपल्या १९५४ च्या कायद्यात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं आहेत, संकेतस्थळं नाहीत.

त्याच जुलै २००५ मध्ये, २६ तारखेला, मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, फोन बंद, रस्त्यात माणसं अडकलेली. माझा भाचा तेव्हा न्यू जर्सीत होता. आई-वडील कुर्ल्याला, फोन लागेना. तो रात्रभर मराठी वर्तमानपत्रांची स्थळं उघडत बसला होता. परदेशातल्या कितीतरी मराठी माणसांनी ती रात्र तशीच काढली असेल. त्या रात्री त्या पानांवर नेमकं काय होतं? पाण्याची बातमी किती वाजता वर आली? आकडे कसे वाढत गेले? छापील अंक ग्रंथालयांत मिळतील. पण भाच्याने जे पाहिलं ते पान मिळणार नाही. अमेरिकेतल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेने १९९६ पासून जालावरची पानं साठवली आहेत आणि २००१ पासून ती सर्वांना पाहता येतात, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण त्यांचं यंत्र जेव्हा फिरकेल तेव्हाचं पान मिळणार, आपल्याला हवं त्या तासाचं नव्हे. आणि त्या काळातलं मराठी पान मिळालंच, तर बहुधा तो गोपाळकाला! फॉन्ट कुठे आहे? ज्या स्थळावरून उतरवायचा ते स्थळच कधीचं बदललंय. म्हणजे 'दर्पण'ची १८३२ ची अक्षरं मी चष्मा लावून वाचू शकतो आणि २००५ ची नाही.

पानाची किंमत अजून लोकांना कळते, असं मला २०२० मध्ये वाटलं. २४ मे च्या 'न्यू यॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर एकही फोटो न घालता कोविडने गेलेल्या माणसांची नावं छापली, प्रत्येकाबद्दल एक-दोन शब्द. वरपासून खालपर्यंत नुसती नावं, घडीच्या वर काय आणि खाली काय, सगळं सारखं. त्याच नावांची त्यांच्या स्थळावर लांबच लांब खाली सरकत जाणारी मांडणी होती, पुसट मानवी आकृत्यांसह. ती करायला मेहनत जास्त पडली असेल. पण जगभर लोकांनी एकमेकांना पाठवला तो कागदी पानाचा फोटो. ते पान संपतं, एका नजरेत मावतं आणि तरी वाचून संपत नाही.

आपल्या ई-पेपरनी ही गरज अर्धी ओळखली आहे. छापील पानाचंच चित्र, आहे तसं. माझी धाकटी बहीण मस्कतला असते, ती स्थळावरच्या बातम्या वाचत नाही, ई-पेपर उघडून आधी गावाकडच्या आवृत्तीतलं निधनाचं पान पाहते. पण ते कागदाचं प्रतिबिंब झालं, स्थळाचं नव्हे. आणि मागचे अंक बरेचदा काही काळापुरतेच उघडतात.

म्हणून २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हापासून मी एक उद्योग सुरू केला आहे. मोठी घटना घडली की तीन मराठी स्थळांचं पहिलं पान तासातासाने साठवून ठेवायचं, फाइलच्या नावात तारीख आणि वेळ. पहिल्याच रात्री एका स्थळावर अर्ध्या तासात तोच मथळा दोनदा बदललेला सापडला. निकालाचे दिवस, वादळं, काही मोठी माणसं गेली ते दिवस, असं करत दोन पेनड्राइव्ह भरत आले आहेत. नातवाने सगळं 'पीडीएफ'मध्ये कसं ठेवायचं ते दाखवलं.

पण २०२० च्या आधीचं माझ्याकडे काही नाही. तेव्हा मंडळींनो, आणि विशेषतः परदेशातल्या भाचे-पुतण्यांनो, कुणाच्या जुन्या संगणकात, सीडीवर, ईमेलच्या जोडपत्रात २६ किंवा २७ जुलै २००५ ची मराठी वर्तमानपत्रांची पानं 'सेव्ह' करून ठेवलेली असतील तर मला कळवा. छापून काढलेली असतील तर सोन्याहून पिवळं. आणि त्या काळचे फॉन्ट कुणाकडे असतील तर तेही पाठवा, नुसत्या पानाचा उपयोग होणार नाही.